शेवटच्या बाकावरची एस्तेरमावशी

प्रार्थना करताना एस्तेरमावशी डोळे मिटत नसे. लहानपणी आम्हा मुलांना याची मोठी अडचण व्हायची. पाळकसाहेबांनी "आपण प्रार्थना करू या" म्हटलं की सगळं चर्च माना खाली घालायचं आणि आम्ही बोटांच्या फटीतून एकमेकांकडे बघून हसायला मोकळे व्हायचो. पण बायकांच्या बाजूने दोन टक्क उघडे डोळे आमच्यावर रोखलेले असत. ती ओठ हलवत देवाशी बोलतही असायची आणि आमच्याकडे बघतही असायची. एकदा माझ्या आईने तिला विचारलं की बाई, तुम्ही डोळे का मिटत नाही? तर म्हणाली, ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडं बघून बोलावं, आंधळ्यासारखं कशापायी बोलायचं?

सांगलीत आमच्या चर्चच्या आवारात बैठ्या खोल्यांची एक ओळ होती. त्याला सगळे कंपाउंडच म्हणत. त्यातल्या एका खोलीत आम्ही राहायचो आणि शेजारच्या खोलीत एस्तेरमावशी. मधली भिंत एवढी पातळ की तिने फोडणी टाकली की आमच्याकडे शिंका यायच्या. मूळची ती खंडाळ्याकडची. लग्न होऊन सांगलीला आली आणि कंपाउंडातल्या मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला लागली. ती ठेंगणी, रुंद अंगाची होती आणि आवाज असा, की बोर्डिंगच्या मागच्या नळावरच्या मुलीला ती चुलीपासून हाक मारायची. रविवारी पांढरी साडी, बारीक निळ्या काठाची, आणि दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या. तिचे यजमान सॅम्युएलकाका दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते. ते गेले, तेव्हा काही बायका बांगड्यांबद्दल कुजबुजल्या. मावशीने त्यांना शांतपणे सांगितलं की बांगड्या मी लग्नाच्या आधीपासून घालतेय, त्या काय ह्यांनी भरल्या नव्हत्या.

आमच्याकडे प्रार्थनेची म्हणून एक भाषा असते. घरात गावरान बोलणारी माणसंही देवासमोर उभी राहिली की "हे सर्वसमर्थ, करुणासागर पित्या" अशी सुरुवात करतात आणि मग शब्दांच्या चढणीवरून खाली उतरता उतरत नाहीत. मावशीला ते जमलंच नाही. बोर्डिंगात जेवणाआधी ती पातेल्यावर झाकण ठेवून म्हणायची, "देवा, पीठ कमी हाय अन् पोरी जास्त. बघ काय ते." एवढीच प्रार्थना. मुली आमेन म्हणायच्या आणि ताटं वाजायला लागायची. कुणी मोठ्याने, हात उंचावून प्रार्थना करायला लागलं, की ती शेजारणीला हळूच म्हणायची, प्रभू काय बहिरा न्हाई.

बुधवारी दुपारी बायकांची सभा असे. एखादं गीत, थोडं वाचन, मग साक्ष. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघींत सांगायचं. ते सांगणंही ठरीव असे. मुलाला ताप आला, प्रार्थना केली, ताप उतरला. सॅम्युएलकाका गेल्यावर काही आठवड्यांनी मावशी पहिल्यांदा सभेला आली तेव्हा नवे पाळकसाहेब स्वतः हजर होते. तरुण होते, उत्साही होते. त्यांनी तिला आग्रहाने उभं केलं. या दुःखात प्रभूने तुम्हाला कसा धीर दिला ते बहिणींना सांगा, म्हणाले.

मावशी पदर सारखा करत उठली आणि म्हणाली, "धीर बीर काय न्हाई दिला. मी त्याच्याशी बोलतच न्हाई सध्या. आज चहाची पाळी माझी हाय म्हणून आले."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. माझी आई त्या सभेची सेक्रेटरी होती. हे तिच्याकडून ऐकलेलं. मग कोपऱ्यातल्या कमळाबाई बसल्या जागेवरून बोलायला लागल्या. प्रवचन चालू असताना आपल्याला एक शब्द ऐकू येत नाही, मुलगा आज पिऊन येणार की शुद्धीवर, एवढंच डोक्यात असतं, असं त्या म्हणाल्या. दुसरी एक म्हणाली की जावयाची मोटारसायकल दारात आली की मी आधी लेकीच्या अंगावर वळ शोधते. आणि माझ्या आईने सांगितलं की तिने माझ्या आजीला, म्हणजे स्वतःच्या सासूला, मरताना माफ केलं ते फक्त तोंडाने. हे मला आईने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं. त्या दिवशी सभा संपता संपेना आणि चहा दोनदा टाकावा लागला.

पाळकसाहेब नंतर मावशीच्या दारात आले. त्यांनी तिला समजावलं की साक्ष ही विश्वास वाढवणारी हवी. मावशीने त्यांना पाट दिला आणि विचारलं, की पवित्र शास्त्रातले राजे देवाशी भांडतात, रडतात, तू झोपलास काय म्हणून विचारतात, ते तुमी आमाला रविवारी वाचून दाखवता न्हवं? मग आमी केलं तर काय बिघडतंय? पाळकसाहेब भले गृहस्थ होते. ते हसले, चहा पिऊन गेले, आणि बुधवारच्या सभेला पुन्हा म्हणून आले नाहीत. तेव्हापासून ती सभा बायकांची झाली.

मावशीला एकच लेक, राहेल. माझ्यापेक्षा बरीच लहान. पोरगी गोरीगोमटी, अबोल आणि मनात घेतलं ते करणारी. नर्सिंग करून ती मिरजेच्या एका खाजगी दवाखान्यात लागली. तिथं आजोबांना घेऊन आलेला एक मुलगा तिला भेटला. अजित. विट्याजवळच्या गावचा. त्या भागातली पुष्कळ माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, तसं त्यांचं मदुराईला दुकान होतं. आजोबा बरे होऊन गेले, पण अजितचं मिरजेला येणं थांबलं नाही.

राहेलने आईला सांगितलं तेव्हा पातळ भिंतीपलीकडे आम्ही श्वास धरून बसलो होतो. भांडण ऐकू येईल असं वाटलं होतं.  पण मावशीने एवढंच विचारलं की तो तुझ्याशी बोलताना तुझ्याकडं बघून बोलतो का. राहेल हो म्हणाली.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. अजितच्या आईची, हौसाबाईंची, एक अट होती. पोरगी सून म्हणून येऊ दे, पण तिकडचं येणं-जाणं नको. त्या अटीत काय काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळत होतं. आम्ही ख्रिस्ती झालो त्याला चार पिढ्या उलटल्या, पण त्याआधी आम्ही गावाच्या कुठल्या बाजूला राहत होतो ते त्या लोकांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. मावशीने अट ऐकली, मान हलवली आणि साक्षीदार म्हणून सही करून आली. राहेल मदुराईला गेली.

त्या सहीवरून चर्चच्या मंडळीच्या पंचांची बैठक बसली. विश्वासाबाहेरच्या लग्नाला आईने स्वतः साक्षीदार व्हावं, हे काहींना सहन झालं नाही. शेवटी ठरलं की एस्तेरबाईंनी काही काळ प्रभुभोजन घेऊ नये. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे भाकर आणि द्राक्षरस बाकाबाकांवरून फिरतो. ज्याने खाल्लं नाही तो सगळ्यांना दिसतो. मावशी त्या रविवारपासून शेवटच्या बाकावर बसू लागली. ताट आलं की दोन्ही हातांनी घ्यायची आणि पुढच्या माणसाच्या हातात द्यायची. कुणाशी भांडली नाही, चर्च सोडलं नाही, गाण्याचा आवाजही कमी केला नाही. ती नेहमी सगळ्यांच्या अर्धी ओळ मागून गायची. आता तो आवाज अगदी मागून यायला लागला, एवढंच.

वर्षभराने पंचांनाच अवघडल्यासारखं झालं. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले की झालं ते झालं, येत्या रविवारी तुम्ही सहभागी व्हा. मावशी बरं म्हणाली. रविवार आला, ताट आलं, आणि तिने ते तसंच पुढे दिलं. पुढच्या महिन्यातही तेच. लोकांना वाटलं राग धरलाय. माझ्या आईने तिला गाठून खडसावलं की आता कशाचा हट्ट आहे?

मावशी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "हट्ट न्हाई गं. पोरगी तिकडं उपाशी बसलीया. आईच्या घशाखाली उतरतंय व्हय?"

राहेलला मदुराईत ना मराठी चर्च, ना तिथं जायची मोकळीक. फोन यायचा तो सासू गावाकडे असली की. मावशी फोन भिंतीला टेकवून ठेवायची आणि लेकीशी बोलताना भाजी चिरायची, म्हणजे आपल्याकडे भरपूर वेळ आहे असं पोरीला वाटू नये आणि तिने घाईत फोन ठेवला तरी तिला वाईट वाटू नये. फोन बंद झाला की मात्र ती विळी बाजूला सारून तशीच बसून राहायची. भिंतीपलीकडे चिरण्याचा आवाज थांबला की आम्हाला कळायचं, बोलणं संपलं.

असं बरंच चाललं. मग एका उन्हाळ्यात हौसाबाई गोठ्यात घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशन मिरजेला झालं. अजित आला होता, पण त्याला परतावं लागलं, कारण राहेलचे दिवस भरत आले होते. हौसाबाईंचे मालक म्हातारे, घरी जनावरं. एक पुतणी सकाळी गावाहून डबा घेऊन यायची आणि लगेच जायची. राहेलने हे आईला फोनवर नुसतं सांगितलं. जा असं म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, रिक्षाने मिरजेला निघाली. हातात दोन पिशव्या होत्या म्हणून मीही गेले. मी तेव्हा सांगलीतच शाळेत शिकवत होते आणि सुट्टी लागली होती. हौसाबाई खाटेवर उताण्या पडल्या होत्या. उंच, हाडापेराच्या, कपाळावर मोठं गोंदण. त्यांनी मावशीला ओळखलं आणि तोंड भिंतीकडे केलं. मावशीने डबा कपाटावर ठेवला, पाण्याचा तांब्या विसळून भरला, चादर ओढून नीट केली आणि स्टुलावर बसली. संध्याकाळी न उघडलेला डबा घेऊन आम्ही परत आलो. त्यातलं जेवण तिने घरी गरम करून स्वतः खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा केला.

रोज हेच. मावशी त्यांचे केस विंचरायची, पाठ पुसायची. आया वेळेवर आली नाही की भांडं द्यायची, नेऊन धुऊन आणायची. हौसाबाई हे सगळं करून घेत, पण डब्याकडे बघत नसत. मावशीने आम्हाला ते सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता, थोडं नवल होतं. म्हणाली, भांडं चालतंय, भाकरी चालत न्हाई. माझी आई चिडली. म्हणाली, अशा माणसाच्या उशाशी कशाला बसायचं? मावशी म्हणाली की तिचं दुखतंय आणि माझी पोरगी तिच्या घरात हाय, मी आणखी कुठं बसू?

मग एक दिवस कशामुळे तरी एसटी बंद राहिली आणि पुतणी आली नाही. दुपार कलली. हौसाबाईंनी बराच वेळ छताकडे बघून विचारलं, त्यात काय हाय? मावशीने डबा उघडला. हुलग्याचं पातळ माडगं आणि मऊ भात. चार घास खाऊन हौसाबाई म्हणाल्या, मीठ कमी हाय. दुसऱ्या दिवशी मावशीने मीठ जास्त घातलं. त्यापलीकडे त्या विषयावर दोघी कधी काही बोलल्या असतील असं मला वाटत नाही. पण त्यानंतर पुतणी एक दिवसाआड यायला लागली.

राहेलला कळा सुरू झाल्या तेव्हा मी त्या वॉर्डात होते. सकाळीच अजितचा फोन आला होता. दुपारी दुसरा आला. मूल अडलंय, डॉक्टर आत घेऊन गेलेत. एवढं सांगून त्याने फोन ठेवला. मदुराई किती लांब आहे ते त्या क्षणी मला कळलं. मावशी स्टुलावर बसली होती. हातात फोन, काचेच्या बांगड्या मनगटावर मागे सारलेल्या. हौसाबाईंनी उशीवरून मान वळवली.

"ईनबाई," त्या म्हणाल्या, आणि विहीण म्हणून त्यांनी तिला तेव्हा पहिल्यांदा हाक मारली. "तुमच्या देवाला सांगा की."

"सांगतीयाच की मघापासनं," मावशी म्हणाली. "तुमीबी तुमच्याला सांगा. कुणी का ऐकंना."

हौसाबाईंनी कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि रेवणसिद्धाचं नाव घेत पुटपुटायला लागल्या. मावशी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे उघड्या डोळ्यांनी बघत होती. शेजारच्या खाटेवरची बाई मोसंबं सोलायची थांबली. फोन वाजला तेव्हा मावशीला तो घेता येईना. मीच घेतला. मुलगी झाली होती. मी ते सांगितल्यावर हौसाबाईंनी आधी विचारलं, आई बरी हाय न्हवं? बरी आहे म्हटल्यावर मावशी रडायला लागली. सॅम्युएलकाका गेले तेव्हाही मी तिला तसं रडताना बघितलं नव्हतं. हौसाबाईंना उठता येत नव्हतं. त्यांनी हात लांब केला, पण तो तिच्या पदराच्या टोकापर्यंतच पोचला. तेवढं टोक धरून त्या पडून राहिल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. हौसाबाई काठी घेऊन चालू लागल्या. राहेल बाळाला घेऊन गावी आली आणि सासूनेच तिला सांगितलं की चार दिवस आईकडे जाऊन ये. लग्नानंतर ती पहिल्यांदा कंपाउंडात आली. सगळ्या घरांतून काही ना काही आलं. कुणी झबलं, कुणी तुपाची बरणी, समोरच्या गल्लीतल्या शबानाभाभींनी बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा. मावशी चार दिवस कुणाच्या हातात फार वेळ बाळ देईना.

त्यातच महिन्याचा पहिला रविवार आला. राहेल आईबरोबर चर्चला आली, शेवटच्या बाकावर बसली. मी एक बाक सोडून पुढे होते आणि खरं सांगायचं तर आम्ही सगळ्याच कान मागे देऊन बसलो होतो. ताट फिरत फिरत शेवटच्या बाकाशी गेलं. मावशीने ते घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तिच्या हातात थांबलं. तिने ते राहेलच्या पुढे धरलं. राहेलने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मान हलवली. नाही. मावशीने ताट तसंच धरून ठेवलं. राहेल अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली, "आई, आता मला तसं वाटत नाही. खोटं कशाला घेऊ?"

ताट फिरवणारे पंच बाकाशी उभे होते. त्यांनी घाई केली नाही. थोड्या वेळाने मावशीने एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि ताट त्यांच्याकडे दिलं. मग नेहमीसारखं अर्धी ओळ मागून गीत म्हटलं.

राहेल गेल्यावर ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. आईने चहा ठेवला. 

"मी इतकी वर्षं तिच्यापायी उपाशी ऱ्हायले," ती म्हणाली, "अन् तिला भूकच नव्हती."

 मग तिने सांगितलं की त्या दिवशी ताट हातात धरून तिला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग भूक लागली. आपली भूक आपली, असं म्हणाली ती. पोरीची दुसरी असेल, तिचं ती बघंल. पण हे सांगून झाल्यावरही ती उठली नाही. चहावर साय धरली.

त्यानंतर ती दर महिन्याला भाकर घ्यायची, पण बसायची शेवटच्याच बाकावर. सवय झाली म्हणे. आणि अधूनमधून चार-आठ दिवस हौसाबाईंकडे राहायला जायची. तिथं राहेल नसायची, नातही नसायची. त्या मदुराईला. दोन म्हाताऱ्या एकाच पोरीची वाट बघायच्या. एकीची लेक, दुसरीची सून. तिथं काय करता म्हणून विचारलं, तर म्हणायची की शेंगा फोडतो आणि भांडतो.

मी लग्नानंतर पुण्याला आले. मावशी गेली ती एका हिवाळी सकाळी, सांगलीतच, चुलीवर पाणी तापत असताना. मी पोचले तोवर माती झाली होती. आईने सांगितलं की राहेल तेव्हा सासरच्या गावी आलेली होती, आणि तिच्याबरोबर हौसाबाईही काठी टेकत दफनभूमीपर्यंत आल्या होत्या. आमच्या रीतीप्रमाणे माणसं मूठमूठ माती टाकत होती, तेव्हा त्यांनी पाळकसाहेबांना विचारलं की मला चालंल का. पाळकसाहेब बाजूला सरले. वाकता येत नव्हतं म्हणून राहेलने माती उचलून त्यांच्या हातात दिली.

बुधवारची सभा अजून चालते. पुण्यात आमच्याही चर्चमध्ये बायकांची सभा असते. छान असते, वेळेत संपते. एखादी बाई करुणासागर पित्याला हाक मारून लांबलचक बोलायला लागते तेव्हा मी डोळे उघडते आणि खोलीभर बघते. सगळ्यांचे डोळे मिटलेले असतात.

मला मावशी शेवटची दिसली ती सांगलीच्या एसटी स्टँडवर. मी पुण्याची गाडी धरायला आले होते आणि ती विट्याच्या गाडीला. हातात हळदीची पिशवी, हौसाबाईंसाठी. मी विचारलं की तब्येत बरी दिसत नाही, कशाला जातेस एवढ्या उन्हात. म्हणाली, ईनबाईचा पाय दुखतोय, एकटी हाय. मग गाडी लागली. माझा निरोप घेण्याआधीच ती गर्दीत शिरली, कंडक्टरला काहीतरी सुनावलं आणि खिडकीची जागा मिळवली. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले. मावशी, येते गं, म्हटलं. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. शेजारी एक तरुण बाई मूल मांडीवर घेऊन रडवेली बसली होती आणि मावशी तिच्याकडे वळून, तिच्या तोंडाकडे नीट बघत, काहीतरी विचारायला लागली होती. गाडी हलली. मी हात वर केला. स्टँडच्या वळणावर गाडी वळेपर्यंत मला तिची पाठ दिसत होती. त्या बाईच्या बाजूला झुकलेली.